इमॅक्युलाटा महाविद्यालयाचा १९७१-७२ चा बास्केटबॉल हंगाम : एक ऐतिहासिक आकलन

अमेरिकेतील महिला क्रीडेच्या इतिहासात १९७२ हे वर्ष प्रामुख्याने शिक्षणातील लिंगभेदास मनाई करणाऱ्या 'टायटल नाईन' या कायद्यासाठी ओळखले जाते. तथापि, जूनमध्ये हा कायदा होण्यापूर्वीच, मार्चमध्ये, पेनसिल्व्हेनियातील इमॅक्युलाटा या मुलींच्या छोट्या कॅथलिक महाविद्यालयाने महिला बास्केटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले होते.

या महाविद्यालयाचे क्रीडागृह १९६७ मध्ये आगीत नष्ट झाले होते. प्रशिक्षिका कॅथी रश यांचे मानधन अवघे ४५० डॉलर होते. विभागीय अंतिम सामन्यात वेस्ट चेस्टरकडून संघ ३२ गुणांनी हरला. तरीही त्यास राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. इलिनॉयच्या प्रवासासाठी खेळाडूंनी टूथब्रश विकून पैसे जमविले. निधीअभावी आठच जणी जाऊ शकल्या. अंतिम सामन्यात त्यांनी त्याच वेस्ट चेस्टरला ५२-४८ असे पराभूत केले.

या यशाची संगती केवळ जिद्दीने लागत नाही. तत्कालीन महिला क्रीडा संघटनेच्या नियमांनुसार क्रीडा शिष्यवृत्तीस मनाई होती. त्यामुळे संपन्न विद्यापीठांना गुणी खेळाडू आपल्याकडे ओढता येत नसत. १९७३ मध्ये ही मनाई उठली. इमॅक्युलाटाने १९७४ पर्यंत सलग तीन अजिंक्यपदे मिळविली. १९७५ व १९७६ चे अंतिम सामने मात्र गमावले. पुढे मोठ्या विद्यापीठांचे वर्चस्व प्रस्थापित झाले.

सारांश, विद्यार्थिनींना मिळालेली समान संधी आणि महाविद्यालयांमधील समानता या भिन्न बाबी होत. पहिली विस्तारत असतानाच दुसरी लोप पावली.