भिंत कुणाच्या उंचीची?

दोन महिन्यांपूर्वी आम्ही चौदा जणांनी मिळून एका शाळेच्या भिंतीची वाट लावली. म्हणजे हेतू चांगला होता हो! कंपनीचा वार्षिक समाजसेवा दिवस. बस, एकसारखे टी-शर्ट, रंगाचे डबे, वडापाव असा सगळा थाट. मुळशीकडची दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. बाईंनी विचारलं, "काय काढणार?" आम्ही म्हणालो, "तुम्ही फक्त बघा बाई!"

संध्याकाळपर्यंत सूर्यमाला झाली, मुळाक्षरं झाली, एक छोटा भीम झाला (तो जरा आमच्या मॅनेजरसारखा दिसत होता, पण असो). ग्रुप फोटो काढला. निघताना बाईंनी पहिलीतल्या एका मुलीला हाताला धरून भिंतीला टेकवून उभं केलं. जिथे तिचं डोकं संपत होतं, त्याच्या वर वीतभर जागा सोडून आमची चित्रं सुरू होत होती. 'अ अननसाचा' तर सहा फुटांवर.

"दादा, चित्रं छानच झालीत," बाई म्हणाल्या. "पण हिला 'अ' वर बोट ठेवायचं झालं तर कसं करायचं?"

चौदा इंजिनिअर. रोज 'यूजर, यूजर' करून मीटिंगा गाजवणारे. आणि वाकायला नको म्हणून आम्ही भिंत आपल्या उंचीची रंगवली होती. यूजर साडेतीन फुटांचा आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ते काही डोक्यातून जाईना. मग गेले काही वीकेंड वाचत बसलो की वर्ग सजवायचा, मांडायचा हा प्रकार आला कुठून. वाचता वाचता लक्षात आलं, आमची चूक तशी जुनी आहे. खूपच जुनी.

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेला बहुतेक वेळा भिंतच नसायची. देवळाची ओसरी, कुणाच्या तरी वाड्याची पडवी, आणि समोर धूळपाटी. त्यावर बोटाने अक्षर गिरवायचं आणि पुसायचं. गंमत म्हणजे हीच धूळ थेट लंडनला गेली. ॲन्ड्र्यू बेल नावाचे पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोरमधल्या मुलांच्या अनाथाश्रमाचे प्रमुख झाले. इथल्या देशी शाळेत पोरं वाळूत अक्षरं काढतात हे त्यांनी पाहिलं आणि ते आपल्याकडे सुरू केलं. जोडीला मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं. १७९७ मध्ये त्यांनी यावर पुस्तिका छापली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी गरीब मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे हीच पद्धत प्रचंड प्रमाणावर चालवून दाखवली.

लँकेस्टरचा वर्ग म्हणजे एक मोठा हॉल, त्यात लांबच लांब बाकांच्या रांगा, समोर उंचावर मास्तर. लहान मुलांच्या टेबलावर वाळू. भिंतीवर मोठ्या अक्षरांत छापलेले पाठ टांगलेले, आणि पोरांनी घोळक्याने अर्धवर्तुळात उभं राहून ते वाचायचे. कारण सरळ होतं. प्रत्येकाला पुस्तक देणं परवडत नव्हतं. पानं सुटी करून भिंतीवर लावली की एकाच पुस्तकात शेकडो मुलांचं भागायचं. म्हणजे भिंतीवरचा तक्ता आला तो शोभेसाठी नाही, खर्च वाचवायला आला. आणि सगळी मांडणी अशी की एका मास्तरला शेकडो पोरं एका नजरेत दिसावीत. मास्तरच्या नजरेची सोय आधी, पोराच्या नजरेची नंतर. रांगेतले बाक आणि समोरचा उंच ओटा आपल्या पिढीपर्यंत टिकले ते असे.

याला जोरदार धक्का दिला तो मारिया माँटेसरी यांनी. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी मुलांचं घर सुरू केलं. बाई पेशाने डॉक्टर. मुलांच्या पाठीला त्रास होऊ नये म्हणून शास्त्रीय बाक बनवण्याची तेव्हा युरोपात चढाओढ होती. यांचा प्रश्न वेगळाच होता : पोराला बाकाला जखडायचंच कशाला? मग मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या आल्या. साहित्य ठेवायला बुटकी कपाटं आली, हात पुरेल अशी. वस्तू काढायची, वापरायची आणि जागच्या जागी परत ठेवायची, हे सगळं पोरानेच करायचं. भिंतीवर चित्रं होती, पण मोजकी आणि निवडून लावलेली. आपण ज्याला वर्गाची सजावट म्हणतो, ती इथे शिकवण्याच्या पद्धतीचाच भाग झाली.

हे वारं आपल्याकडे आलं ते भावनगरला. गिजुभाई बधेका मूळचे वकील. मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसरींच्या पुस्तकांपर्यंत पोचले. १९१६ मध्ये ते दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. १९३० च्या दशकात आलेलं त्यांचं 'दिवास्वप्न' अजूनही शिक्षक वाचतात. त्यातला लक्ष्मीराम मास्तर चौथीच्या वर्गावर पहिल्याच दिवशी माँटेसरीचा शांततेचा खेळ घेतो आणि तो साफ फसतो! पोरं वर्ग डोक्यावर घेतात. मग तो गोष्टी सांगायला लागतो. पाठ्यपुस्तकांच्या पैशांत गोष्टींची पुस्तकं आणून वर्गाचं वाचनालय करतो. मला हे फार आवडलं. कारण बाहेरून आणलेली उत्तम कल्पनासुद्धा जशीच्या तशी बसवायला गेलं की पडते, हे गिजुभाईंनी पहिल्याच प्रकरणात कबूल करून टाकलंय. (आपल्याकडे प्रोजेक्ट बोंबलल्यावरसुद्धा कुणी एवढं कबूल करत नाही.)

१९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या मूळच्या मुंबईच्या ताराबाई मोडक. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची नोकरी सोडून. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पण माँटेसरीचं साहित्य महाग. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे, तेही अगदी मापात बनवलेले. शहरात ठीक, पण खेड्यात ते कुठून आणायचे?

म्हणून १९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं शाळेत येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत, घरांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दाचं नातं सांगितलं जातं ते या कामाशी. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जायची, तर शाळा कुरणात गेली. कुरणशाळा! साहित्य म्हणजे बिया, शिंपले, दगड, पानं. मोजायचं तेही त्यांनीच आणि रंग ओळखायचे तेही त्यांच्यातूनच.

इथे मी वाचता वाचता थांबलो. आम्ही चौदा जणांनी डबेच्या डबे रंग खपवले आणि या दोघींनी भिंत नसलेला वर्ग मांडून दाखवला होता. पोरं कुठे आहेत आणि त्यांच्या हाताशी काय आहे, एवढंच आधी बघितलं.

सरकारचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये 'खडू-फळा मोहीम' आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा, नकाशे, तक्ते, खेळणी. म्हणजे तोपर्यंत कित्येक शाळांत एवढंसुद्धा नव्हतं! पण साहित्य आलं की त्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला होते. मोडलं तर जबाब द्यायचा गुरुजींनी. मग अनेक ठिकाणी पेटी कुलपात गेली आणि पोरांना लांबून दाखवली गेली. वस्तू आल्या, पण हात पुरेल असं बुटकं कपाट काही आलं नाही.

पुढे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी वर्गाची फरशीच रंगवली. अक्षरं, अंकांच्या चौकटी जमिनीवर आणि पोरं त्यावर बसून शिकतायत. राज्यभरातून शिक्षक बघायला गेले आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'नंतर गावोगाव फरश्या रंगल्या. पहिलीच्या पोराला जमीन सगळ्यात जवळची, त्यामुळे कल्पना अगदी बरोबर. फक्त काही ठिकाणी रंग तेवढा पोचला आणि पद्धत मागेच राहिली.

शेवटी एक प्रयोग. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. बालवर्गातली २४ मुलं. काही पाठ भरगच्च सजवलेल्या खोलीत, काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. नंतरच्या चाचणीत मोकळ्या खोलीतल्या पाठांवर ५५ टक्के उत्तरं बरोबर, सजवलेल्या खोलीतल्या पाठांवर ४२ टक्के. मुलांचं लक्षही सजवलेल्या खोलीत जास्त वेळ उडत होतं. प्रयोग लहान आहे, त्यावरून लगेच सगळे तक्ते फाडायची गरज नाही. पण आमचा छोटा भीम नेमका फळ्याच्या शेजारी होता, हे आठवून मला घाम फुटला.

असो. मागच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी चौघंच, टी-शर्ट नाही, फोटोग्राफर नाही. आधी बाईंना विचारलं, "काय हवंय?" त्यांनी यादी तयारच ठेवली होती. फळ्याकडची भिंत पांढरी करा. बाकी तिन्ही भिंतींना जमिनीपासून तीन फुटांपर्यंत काळा रंग द्या, म्हणजे प्रत्येक पोराला स्वतःचा फळा होईल. आणि पुस्तकांचं कपाट आडवं करून द्या, वरच्या कप्प्यापर्यंत कुणाचाच हात पोचत नाही.

सूर्यमाला राहू द्या म्हणाल्या, चौथीला उपयोगी पडते. छोटा भीम गेला. (पोरं थोडी नाराज झाली, खरं सांगतो.)

दिवसभर गुडघ्यावर बसून रंग दिला. कंबर अजून दुखतेय. काल बाईंनी फोटो पाठवला. ती पहिलीतली मुलगी भिंतीशी बसून 'अ' काढतेय. उलटा आलाय, पण हात पोचतोय.