लॉर्ड रेडिंग आणि आमचा वऱ्हाड

अमरावती-अकोल्याच्या आम्हां मंडळींनी लॉर्ड रेडिंग लक्षात ठेवावा तो एका पत्रापायी. हा मूळचा रूफस आयझॅक्स. लंडनच्या एका ज्यू फळव्यापाऱ्याचा मुलगा. सोळाव्या वर्षी जहाजावरचा पोऱ्या म्हणून त्याने कलकत्ता पाहिले. पुढे बॅरिस्टर, पार्लमेंटचा सभासद, १९१४ मध्ये उमराव आणि १९२१ मध्ये व्हाइसरॉय. १९०२ च्या करारान्वये सालीना २५ लाखांच्या खंडाने इंग्रजांकडे कायमचा गेलेला वऱ्हाड निजामाने १९२३ मध्ये परत मागितला. २७ मार्च १९२६ रोजी रेडिंगने नकार कळविला, तो साम्राज्याच्या सार्वभौमत्वाचा दाखला देऊन. त्याचे उमरावपद एकुलत्या मुलाकडे, जेराल्डकडे, वारशाने गेले. प्रांत मात्र वारशाची मिळकत नव्हे. रयतच त्याची धनी, हे तत्त्व त्या नकाराच्या मुळाशी नव्हते. ते आम्हांला दिले १९५० च्या राज्यघटनेने.