कवंदीची बखर

सिद्दी म्हटले की आपल्याला जंजिरा आठवतो. किल्ला, नवाब, १९४८ पर्यंत टिकलेले संस्थान. पण सिद्दी कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानातही राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी कितीतरी जण पळून इकडे आले. नवाबांची नावे दप्तरात सापडतात. पळालेल्या गुलामाच्या गाठोड्यात कागद कुठून असणार?

त्यांच्या बायका मात्र जुन्या साड्या-लुगड्यांची ठिगळे जोडून कवंदी शिवतात. आपल्या वाकळीची बहीणच म्हणा. टाका कडेने सुरू होतो आणि फिरत फिरत मध्यावर येऊन संपतो. मुसलमानाघरच्या कवंदीवर कधी चंद्रकोर असते, ख्रिस्त्याघरच्या कवंदीवर क्रूस. चारही कोपऱ्यांना कापडाची घडी घालून 'फुला' लावतात. तो नसेल तर कवंदी उघडी राहिली, असे त्या मानतात. अब्रूची ही कल्पना आम्हाला फार ओळखीची वाटली.

२००३ साली या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०११ मध्ये त्यांच्या कवंद्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात भिंतीवर लागल्या. आणि आपण? नानी-दादींच्या गोधड्या बोहारणीला देऊन स्टीलची पातेली घेतली.