कौलूनचा एक मृत्यू

अफूच्या पहिल्या युद्धाची हकीकत सांगू लागले म्हणजे इतिहासकार बहुधा हूमेनच्या किनाऱ्यापासून आरंभ करतात. १८३९ च्या जून महिन्यात चिनी बादशहाचा खास आयुक्त लिन झेशू याने परकी व्यापाऱ्यांकडून हस्तगत केलेली वीस हजारांहून अधिक पेट्या अफू तेथे मीठ व चुना घातलेल्या पाण्यात कालवून समुद्रात सोडून दिली. प्रसंग भव्य आहे आणि त्याला द्यावयाचे ते महत्त्व दिलेच पाहिजे. परंतु त्यानंतर पंधरवडा उलटतो न उलटतो तोच त्याच किनाऱ्यावर एक क्षुद्र प्रकार घडला. त्याला ग्रंथांतून फार तर अर्धे पान मिळते. आम्हांला त्या अर्ध्या पानाविषयी लिहावयाचे आहे.

१८३९ च्या ७ जुलैला रविवार होता. हाँगकाँगच्या खाडीत नांगर टाकून पडलेल्या इंग्रज जहाजांवरील खलाशांची एक टोळी समोरच्या कौलूनच्या किनाऱ्यावर, चिम-शा-चुई या गावी उतरली. कित्येक महिने समुद्रावर आणि नंतर कित्येक आठवडे त्याच खाडीत कोंडलेली ही माणसे. किनाऱ्याला पाय लागताच त्यांनी जे केले ते कोणत्याही बंदरातील खलाशांनी केले असते. गावात तांदळाची कडक दारू मिळत होती, ती त्यांनी यथेच्छ घेतली. मग धुंदीत दांडगाई सुरू झाली. गावच्या देवळाची नासधूस झाली, गावकरी धावून आले, लाठ्याकाठ्या निघाल्या. त्या झटापटीत लिन वेइशी नावाचा एक गावकरी जबर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला.

या खलाशांची जहाजे कोणती? ‘कर्नाटिक’ आणि ‘मँगलोर’. दोन्ही जहाजे जार्डिन-मॅथेसन या पेढीची. आणि या पेढीच्या अफूच्या उलाढालीत मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई यांचा भाग किती मोठा होता, हे सर्वश्रुत आहे. कँटनला पोहोचणाऱ्या अफूपैकी मोठा वाटा माळव्याचा. होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकलेली ही अफू १८३० नंतर कंपनी सरकारचा परवाना घेऊन इंदुराहून मुंबईस जाई आणि तेथून जहाजात चढे. माळव्यात बसून हे लिहिताना चिम-शा-चुई आम्हांला वाटते तितके दूर राहत नाही.

इंग्रजांचा व्यापार-अधीक्षक कॅप्टन चार्ल्स एलियट त्वरेने किनाऱ्यावर गेला. मृताच्या कुटुंबाला त्याने पंधराशे डॉलर देवविले, गावकऱ्यांतही काही रक्कम वाटली, आणि खुन्याची माहिती देणाऱ्यास बक्षीस लावले. त्याचबरोबर हा मृत्यू अपघाताने झाला, अशा अर्थाचा कागदही कुटुंबाकडून लिहून घेण्यात आला. एलियट दुष्ट मनुष्य होता असे आम्ही म्हणणार नाही. अफूच्या व्यापाराचा त्याला स्वतःला तिटकाराच होता. पण ज्या हाताने पैसे द्यावयाचे त्याच हाताने कागद घ्यावयाचा, यातील अर्थ त्या खेड्यातील माणसांना कळला नसेल असे आम्हांला वाटत नाही.

लिन झेशूला वार्ता लागली तेव्हा त्याने एकच मागणी केली: खुनी आमच्या स्वाधीन करा. त्याच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. चिनी भूमीवर चिनी मनुष्य मारला गेला. चिनी कायद्याप्रमाणे जिवाबद्दल जीव दिला पाहिजे. लिन हा केवळ हट्टी अधिकारी नव्हता. त्याच वर्षी त्याने पीटर पार्कर या अमेरिकन मिशनरी वैद्याकडून व्हाटेलच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथातील काही उतारे चिनीत करवून घेतले होते. परक्यांचा कायदा काय म्हणतो हे जाणून घेण्याची त्याची इच्छा होती. त्याचा कायदा जाणून घेण्याची तितकी इच्छा पलीकडच्या बाजूस दिसत नाही.

तथापि एलियटच्या नकारामागेही एक जुनी आठवण होती. १७८४ मध्ये मुंबईहून आलेल्या ‘लेडी ह्यूज’ या जहाजाने व्हाम्पोआ येथे सलामीची तोफ डागली, तिने दोन चिनी माणसे दगावली. बराच काळ घासाघीस होऊन तोफेवरील गोलंदाज चिन्यांच्या स्वाधीन करण्यात आला आणि पुढील वर्षाच्या प्रारंभी त्याला गळा आवळून मारण्यात आले. त्यानंतर आपला मनुष्य पुन्हा असा द्यावयाचा नाही, हा इंग्रजांचा निर्धार कायम झाला. मध्यंतरी १८०७ मध्ये ‘नेपच्यून’ जहाजाच्या दारू प्यालेल्या खलाशांनी कँटनमध्ये असाच दंगा करून एक मनुष्य मारला. त्या वेळी चिनी अधिकाऱ्यांनीच तोडगा काढला. एडवर्ड शीन नावाचा खलाशी पुढे करण्यात आला. माडीची खिडकी उघडताना त्याच्या हातून लाकूड निसटले व खालच्या माणसाच्या डोक्यात पडले, असे सरकारी कागदांत नमूद झाले. शिक्षा काय? मृताच्या घरी सुमारे साडेबारा तोळे... नव्हे, साडेबारा ताएल चांदी, म्हणजे चार पौंडांच्या आसपास दंड. न्यायाची ही थट्टा उभयपक्षी संमत होती, म्हणून व्यापार चालू राहिला. १८३९ मध्ये मात्र समोर लिन झेशू होता, आणि तो असल्या खिडक्या उघडणारा नव्हता.

ऑगस्टच्या १२ तारखेस एलियटने ‘फोर्ट विल्यम’ या जहाजावर न्यायालय भरविले. न्यायाधीश तो स्वतः, ज्यूरी ब्रिटिश व्यापाऱ्यांची. चिनी अधिकाऱ्यांस उपस्थित राहण्याचे आमंत्रण होते. ते आले नाहीत. प्राणघातक फटका कोणी मारला हे सिद्ध झाले नाही. दंगा आणि मारहाण यांबद्दल पाच खलाशी दोषी ठरले. जास्तीत जास्त शिक्षा सहा महिन्यांची सक्तमजुरी आणि दंड. शिक्षा भोगण्यासाठी त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. तेथे सरकारच्या ध्यानात आले की असा खटला चालविण्याचा एलियटला अधिकारच नव्हता. पाचही जण सुटले.

इकडे घटना वेगाने पुढे गेल्या. १५ ऑगस्टला लिनने इंग्रजांची रसद तोडली. ते तेव्हा मकावमध्ये आश्रयास होते. मकाव पोर्तुगीजांचे, आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अधीन असे. पण तेथील गव्हर्नराच्या पाठीशी असे बळ नव्हते की त्याने चीनला दुखवून पाहुण्यांना ठेवून घ्यावे. ऑगस्टअखेर इंग्रज कुटुंबे बायकामुलांसह हाँगकाँगच्या खाडीत जहाजांवर राहावयास गेली. किनाऱ्यावरील झऱ्यांत विष कालविले असल्याच्या सूचना लागल्या. ४ सप्टेंबरला अन्नपाणी विकत घेऊ द्यावे म्हणून एलियट लहान गलबते घेऊन कौलूनला आला. दुभाष्या म्हणून गुट्झलाफ हा जर्मन मिशनरी बरोबर होता. तासन्‌तास बोलणी होऊनही अन्न मिळेना, तेव्हा इंग्रजांनी तोफा डागल्या. पहिल्या अफूयुद्धातील पहिले तोफगोळे ते हेच. चिम-शा-चुई तेथून जवळच आहे.

केवळ या मृत्यूने युद्ध पेटले असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. अफूच्या नुकसानीची भरपाई मागणारे व्यापारी लंडनमध्ये मंत्र्यांचे उंबरठे झिजवीत होतेच. पण ऑक्टोबरअखेर तडजोड जुळत आली असता लिनने पुन्हा लिन वेइशीच्या खुन्याची मागणी पुढे केली आणि ३ नोव्हेंबरला चुएनपी येथे चिनी युद्धनौका बुडाल्या. पुढे तहांची मालिकाच सुरू झाली. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग बेट गेले. १८४३ च्या करारांनी चीनमधील इंग्रज गुन्हेगाराचा न्याय इंग्रजांनीच करावयाचा असे ठरले. म्हणजे ‘फोर्ट विल्यम’वर एलियटने जे अधिकार नसताना केले, ते आता तहाने कायदेशीर झाले. ही सवलत चीनने शंभर वर्षे सोसली. १९४३ मध्ये इंग्लंडने ती सोडली.

चिम-शा-चुईची भूमी १८६० च्या पेकिंगच्या कराराने इंग्रजांना मिळाली आणि १९९७ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. लिन वेइशी जेथे पडला तेथे न्याय कोणाच्या कायद्याने करावयाचा, हा वाद एकवीस वर्षांपूर्वी होता; आता तेथे इंग्रजांचेच न्यायालय बसू लागले.