एसक्यूएल : टेबलांवरील मूलभूत आज्ञा

रिलेशनल डेटाबेसमधील टेबले तयार करणे, त्यांत नोंदी भरणे, शोधणे, बदलणे आणि काढून टाकणे यांसाठी वापरली जाणारी संगणकभाषा. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानावर ती उभी आहे. तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये तिचे पहिले रूप ‘सीक्वेल’ या नावाने प्रसिद्ध केले. १९८६ मध्ये अमेरिकेत व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिला प्रमाणरूप मिळाले. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल या प्रणालींत बारीकसारीक फरक असले, तरी मूळ आज्ञा त्याच आहेत. त्या रोमन लिपीत टाइप करतात. येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले ही कामे संगणकावर आणून नागरी सुविधा केंद्रातून देण्यात कल्याण-डोंबिवली महापालिका महाराष्ट्रात आघाडीवर होती. पुढे राज्यातल्या इतर शहरांनी तोच नमुना घेतला. म्हणून या नोंदीतली उदाहरणे तिथल्या भूगोलावर बेतली आहेत. टेबले मात्र समजावण्यापुरती रचलेली आहेत.

‘क्रिएट टेबल’ने टेबलाचा साचा ठरतो : कोणते कॉलम, प्रत्येकात मजकूर, संख्या की तारीख, आणि ओळ नेमकी ओळखू येण्यासाठी प्रायमरी की कोणती. ‘इन्सर्ट’ने नवी ओळ भरते, ‘सिलेक्ट’ने हवी ती माहिती समोर येते, ‘ऑर्डर बाय’ने ती क्रमाने लागते. ‘ग्रुप बाय’ व ‘सम’ मिळून प्रभागनिहाय थकबाकीची बेरीज देतात. डोंबिवली, डोंबीवली, डोंबवली अशी नावे हाताने भरली, तर बरोबरीच्या चिन्हाला ती तीन वेगळी गावे वाटतात. त्यामुळे शहराचे नाव एकाच टेबलात एकदाच लिहावे, इतरत्र त्याचा सांकेतिक क्रमांक ठेवावा आणि ‘जॉइन’ने दोन्ही जोडून घ्यावे. रिलेशनल पद्धतीचे खरे बळ इथे आहे.

‘अपडेट’ आणि ‘डिलीट’ सर्वांत जपून वापरायच्या. त्यांना ‘व्हेअर’ची अट जोडली नाही, तर टेबलातली प्रत्येक ओळ बदलते किंवा जाते. शिवाय अट अचूक असली तरी अपडेट जुनी किंमत पुसून टाकते. कल्याण-डोंबिवली परिसरातल्या २७ गावांचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महापालिकेत ही गावे होती, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आली. गावापुढे नुसते ‘हद्दीत : होय’ असे ठेवून ते बदलत राहिले, तर मधली तेरा वर्षे नाहीशी होतात आणि त्या काळातल्या कराचा हिशेब लावता येत नाही. म्हणून ‘हद्द’ या टेबलात, उदाहरणार्थ, त्यांपैकी भोपर या गावाच्या दोन ओळी हव्यात : १९८३ ते २००२, आणि २०१५ पासून पुढे. दुसऱ्या ओळीत ‘पर्यंत’चा रकाना रिकामा, म्हणजे ‘नल’. २०१० साली कोणती गावे हद्दीत होती, हे मग अशा क्वेरीने (प्रश्नाने) विचारता येते :

सिलेक्ट गाव फ्रॉम हद्द
व्हेअर पासून <= २०१०
अँड (पर्यंत > २०१० ऑर पर्यंत इज नल);

उत्तरात भोपर येत नाही, आणि तेच बरोबर आहे. कंस काढला, तर ‘अँड’ आधी सोडवले जाते आणि ‘नल’ असलेली प्रत्येक ओळ आत शिरते. भोपर २०१० मध्येच हद्दीत दिसू लागते. उलट ‘इज नल’ऐवजी ‘= नल’ लिहिले, तर ती अट कधीच खरी ठरत नाही, आणि २०१६ सालासाठी विचारल्यावरही भोपर गायब होते. दोन्ही वेळा संगणक चूक दाखवत नाही, म्हणून उत्तर माहीत असलेले एखादे गाव घेऊन क्वेरी पडताळावी.

बदल करण्यापूर्वी तीच अट ‘सिलेक्ट’मध्ये चालवून किती ओळी सापडतात ते पाहावे. एकत्रच व्हायला हवेत असे बदल एका ट्रँझॅक्शनमध्ये घेतात : करदात्याची पावती नोंदवणे आणि थकबाकी कमी करणे. दोन्ही जमले तर ‘कमिट’, एखादे फसले तर ‘रोलबॅक’. ‘ऑल्टर टेबल’ साचा बदलते, ‘ड्रॉप टेबल’ टेबलच काढून टाकते. ओरॅकल व मायएसक्यूएलमध्ये ड्रॉप रोलबॅकने परत येत नाही. ‘ग्रँट’ने कोणाला कोणती आज्ञा चालवता येईल हे ठरते; काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला सिलेक्ट व इन्सर्ट पुरते, ड्रॉपचा अधिकार त्याला देऊ नये.