आधी पैसे की आधी माल?

मागच्या महिन्यात जुना कॅमेरा विकायला काढला. गिऱ्हाईक दुसऱ्या जिल्ह्यातलं. तो म्हणे, आधी कॅमेरा एसटीच्या पार्सलला टाका, पावतीचा फोटो आला की पैसे सोडतो. मी म्हटलं, आधी पैसे. दोन दिवस फोनवर हेच, शेवटी सौदा फिसकटला. दोघंही सरळ माणसं असू, पण आधी हात सोडायचा कोणी?

प्रश्न जुनाच आहे. आपल्याकडे टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही.पी.पी. सुरू केली ती यासाठीच. पुण्यामुंबईचा प्रकाशक पुस्तक टपालात टाकायचा, पोस्टमन दारात पैसे घेऊन मगच पुडकं हातात द्यायचा आणि ते पैसे मनीऑर्डरने प्रकाशकाकडे जायचे. (पुडक्यात रद्दी निघाली तर काय, हे विचारू नका.) व्यवस्था भरवशाची, पण प्रत्येक पुडक्यामागे टपाल खातं मध्ये उभं. भांडण असो नसो, त्याचा वेळ आणि त्याची फी लागणारच.

संगणकावर करार करायची वेळ आली तेव्हा हाच पेच पुन्हा उभा राहिला. माझी डिजिटल सही आधी तुमच्याकडे पोचली तर तुम्ही ती खिशात घालून गप्प बसू शकता. १९८० साली इस्रायलमध्ये हैफाच्या टेक्निऑन संस्थेत शिमॉन एव्हन आणि याकोव्ह याकोबी यांनी दाखवून दिलं की नशिबावर काहीच सोडायचं नसेल तर मध्यस्थाशिवाय हे जमत नाही. कारण साधं आहे. निरोपांच्या देवाणघेवाणीत एक निरोप असा येतोच, जो पोचला की एकाचं काम झालेलं असतं आणि दुसऱ्याचं राहिलेलं असतं.

मग लोकांनी पळवाट शोधली, थोडं थोडं देऊ. मॅन्युएल ब्लम यांचा १९८३ चा लेख याच वाटेचा. गुप्त किल्लीचा एक तुकडा तू दे, एक मी देतो. पण १२८ शून्य-एकांची किल्ली धरली तर दोघांचे मिळून २५६ निरोप झाले! शिवाय ज्याचा संगणक दांडगा, तो शेवटचे थोडे तुकडे स्वतःच शोधून काढणार आणि पसार होणार. म्हणजे इथेही बळी तो कान पिळी.

खरी उडी पडली १९९७ मध्ये. एन. असोकन (खरगपूर आयआयटीचे विद्यार्थी, तेव्हा झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत), मथियास शुंटर आणि मायकेल वाइडनर यांनी मध्यस्थाला झोपू दिलं. मी वचन पाठवतो, तुम्ही वचन पाठवता, मग मी खरी सही देतो, तुम्ही खरी सही देता. चार निरोपांत काम फत्ते, पंचाला पत्ताही नाही. तुम्ही शेवटची सही दडपलीत तरच मी दोन्ही वचनं घेऊन पंचाचं दार ठोठावायचं, त्याचा शिक्का तुमच्या सहीच्या बरोबरीचा. याला ‘आशावादी’ पद्धत म्हणतात. बहुतेक माणसं नीट वागतात हे गृहीत धरलं की खर्च केवढा वाचतो बघा. अर्थात पंच लागतोच, फक्त रोज लागत नाही. यातही खोट निघालीच: समोरच्याचं वचन हातात आलं की ते तिसऱ्याला दाखवून भाव वाढवून घेता येतो. जागेच्या व्यवहारात आपल्याला हे नवीन नाही. १९९९ मध्ये त्यावरही तोड निघाली.

आता आपल्याकडे या. २०१६ ला यूपीआय आलं, पैसे क्षणात जायला लागले. पण ही सौद्याची अर्धीच बाजू. माल त्याला बांधलेलाच नाही. मोठ्या ऑनलाइन दुकानात कंपनी मध्ये बसते आणि विकणाऱ्याकडून त्याचं कमिशन घेते. तुमच्या-माझ्यासारख्या दोघांत मात्र ना पोस्टमन, ना झोपलेला पंच. ‘पैसे घ्यायला पिन टाका’ म्हणणारे भामटे याच मोकळ्या जागेत शिरतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पुन्हा सांगा. १९३० वर फोन लागतो, पण तो फसवणूक झाल्यावर पैसे अडवून धरायला. सौद्याचा निवाडा तिथे होत नाही.

माझा कॅमेरा शेवटी आमच्याच स्टँडवर विकला गेला. पोराने पैसे पाठवले, रेंज गेली. मेसेज येईपर्यंत कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या, असे आम्ही चहाच्या टपरीपुढे उभे होतो.