पांघरुणाचे पुण्य

स्थानांग सूत्रात पुण्याचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी अन्नपुण्य व पानपुण्य सर्वांच्या परिचयाचे. शयनपुण्य व वस्त्रपुण्य यांची आठवण मात्र क्वचित होते. आजारी बालकाच्या अंगावर घातलेले पांघरूण या दोहोंतही मोडते.

भीमाकाठच्या घरांत पांघरूण म्हणजे गोधडी. जीर्ण लुगडी व धोतरे एकावर एक अंथरायची, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत जायचे, आणि हे काम उन्हाळ्यात ओसरीवर शेजारणींनी मिळून करायचे, अशी रीत होती. जुनेच कापड का, याला काटकसर एवढेच उत्तर अपुरे आहे. वारंवार धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून गेलेली असते. ते घाम शोषते, कोवळ्या कातडीला बोचत नाही. म्हणूनच नवजात बालकाचे दुपटे आजीच्या लुगड्याचे शिवत. कोऱ्या ठाणाला हा मऊपणा कोणताही व्यापारी देऊ शकत नाही.

अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपेत असता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे दहा हजार जीव गेले. श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. त्यांचे शैक्षणिक संकुल वाघोलीस उभे राहिले. नगर रस्त्याने ते कोरेगाव भीमाहून काही कोसांवरच आहे. या कार्याची थोरवी निर्विवाद आहे. अन्न, निवारा, शाळा हे सर्व संस्था देऊ शकते. घरातल्या गोधड्या मात्र घरांबरोबरच मातीखाली गेल्या होत्या.

यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत या उणिवेकडे एका महिलेचे लक्ष गेले. कर्करोगावरील केमोथेरपी सोसताना एका तीन वर्षांच्या मुलीला आपल्या लहानशा पांघरुणाचाच आधार वाटतो, असे कॅरन लॉक्स यांनी १९९५ च्या नाताळात वाचले. त्यांनी डेन्व्हरच्या बालकर्करोग केंद्रासाठी हातांनी पांघरुणे करून देण्याचे ठरविले. त्यातूनच ‘प्रोजेक्ट लायनस’ ही संस्था जन्मास आली. सतत पांघरूण कवटाळून हिंडणाऱ्या, व्यंगचित्रमालेतील बालकाचे ते नाव. स्वयंसेवकांनी आजवर लाखो पांघरुणे दिली आहेत. परंतु तेथे कापड नवे व धुण्याजोगेच लागते. प्रतिकारशक्ती घटलेल्या बालकासाठी हा नियम योग्यच. पण त्यामुळे आपली परंपरागत गोधडी रुग्णालयाच्या दारातच अडते. तेथे नवे मलमल घ्यावे, शिवण्यापूर्वी गरम पाण्यात तीन-चार वेळा धुऊन खळ काढावी व आटू द्यावे. थर कमी ठेवावेत, म्हणजे गोधडी लवकर वाळते.

शोकग्रस्त घराची गरज नेमकी उलट असते. मृताचे कपडे देऊन टाकण्याची आपल्याकडे रूढी आहे. तिचा फेरविचार व्हावयास हवा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे एड्सने मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ १,९२० तुकड्यांची विराट गोधडी अंथरण्यात आली. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. पुष्कळ तुकड्यांत आप्तांनी व मित्रांनी मृतांचेच कपडे शिवले होते. आपल्याकडे असे काम निघाल्यास लुगडे घरच्यांनी द्यावे आणि सुई शेजारणींनी धरावी. दुखवट्याच्या दिवसांत घरच्या बाईच्या हातून दोराही ओवला जात नाही.